एकवीस नंबरची वानगी

गेनबा,

पुनमकडून वाचून घ्या. तिला सांगा, मध्येच ‘म्हणजे काय हो आजोबा’ करत बसू नकोस, पुढे सगळं येतं.

बाजाराच्या इतिहासाचं पुस्तक छापून आलं. जड, गुळगुळीत कागद, एकशेबारा पानं, त्यातली पहिली तीस नुसत्या फोटोंची. हार घालून घेणारे, हार घालणारे आणि हार घालताना मागून मान लांब करणारे. तुमचा फोटो नाही. माझाही नाही, पण इतिहास मीच लिहून दिला होता, चार महिने खपून. त्यातलं एक पान त्यांनी काढलं आणि त्या जागी एक वाक्य घातलं: ‘साठ वर्षांत या बाजारात वानगीत एकदाच खोट निघाली, आणि बाजाराने त्या शेतकरी बाईचं नाव त्याच दिवशी ओट्यावरून पुकारलं.’ अभिमानाने लिहिलंय हो!

मी अध्यक्षांना फोन केला. “मॅडम, स्मरणिकेत कुठे जुनी भांडणं,” म्हणाले. भांडण कुणाशी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी फोन ठेवला. एकोणसत्तर पूर्ण झाली मला. भांडायचा कंटाळा येतो; पण छापलेलं खोटं घरात ठेवायचा त्याहून जास्त येतो.

तेव्हा काढलेलं पान पुन्हा लिहिते आहे. ते लोकांनी वाचायचं आहे, म्हणून यापुढे तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणणार नाही आणि स्वतःला ‘मी’ म्हणणार नाही. इंदुताई नावाची जी बाई येईल ती मीच. तिला मी सवलत दिलेली नाही. तुम्हालाही नाही.

*

गेनबा महाळुंग्याचा. घरची जमीन होती, पण भावाभावांत वाटून त्याच्याकडे जो तुकडा आला त्यात बैल वळवायचे तर शेजाऱ्याच्या रानात जावं लागे. बासष्ट साली फाट्यावर भुसार बाजार उभा राहिला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढू शकत होता. नोकरीसाठी एवढी लायकी पुरली.

भुसार म्हणजे ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा. त्या आधी या भागातलं धान्य रुमालाखाली विकलं जायचं. अडत्या, म्हणजे मधला दलाल, आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचं धान्य, तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. गेनबाचा बाप असा कितीदा तरी उभा राहिलेला. तो सांगायचा, “लगीन ठरतंय का मयतीची तयारी, काय बी कळायचं न्हाई. नुसती मुंडी हालायची.”

हे बंद करायलाच नवा बाजार काढला होता. दगडी ओटा बांधला, पितळी घंटा टांगली, बोली मोठ्याने बोलायची असा नियम केला. आता वीस-पंचवीस गाड्यांची पोती काही ओट्यावर चढवता येत नाहीत. म्हणून वानगी काढायची, म्हणजे मालाचा नमुना. प्रत्येकाच्या पोत्यांतून वरून, मधून, तळातून मूठमूठ धान्य घ्यायचं, फडक्यात बांधायचं आणि त्या पुरचुंडीवर लिलाव करायचा. वजन होईपर्यंत पुरचुंडी वानगीच्या खोलीत खुंटीवर टांगलेली राहायची. वानगी एक आणि पोत्यात दुसरंच निघालं, तर ‘पुकारा’ व्हायचा. घंटा तीनदा वाजायची, ओट्यावरून शेतकऱ्याचं नाव आणि गाव ओरडलं जायचं, आणि त्यानंतर त्या नावाच्या मालाला कोणी बोली लावत नसे. कागद नाही, शिक्का नाही. पण कागदापेक्षा ते घट्ट बसायचं.

पुकारा उतरवायचीही रीत होती. चूक भलत्याचीच होती असं कळलं, तर त्या माणसाला ओट्यावर उभं करायचं, घंटा एकदा वाजवायची, त्याची खरी वानगी ताटात ओतायची आणि प्रत्येक व्यापाऱ्याने त्यातला एक दाणा तोंडात टाकायचा. सगळ्यांनी दाणा चावला की नाव मोकळं. ही रीत बाजाराच्या पहिल्या नियमावलीत आहे, पान सात. ती कधी वापरली गेली नाही.

गेनबा हमालीतून वानगीवर गेला तो दातांच्या जोरावर. दाणा चावून तो ओल सांगायचा. “आठ दिस उन्हात टाका, मग आना,” म्हणायचा, आणि शेतकरी निमूट गाडी वळवायचे. मोजायला लागला की पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा, जुन्या माणसांसारखा: लाभ, दोन, तीन, असं सुरात. त्याचा आवाज ऐकून आवारातल्या चाळणीवर बसलेल्या बायाही हात हलका करायच्या.

लिहायला मात्र येत नव्हतं. म्हणून त्याने गाठींची पद्धत बसवली. गाड्या फाटकातून ज्या क्रमाने आत येतील त्या क्रमाने पुरचुंड्या खुंट्यांवर. एका खुंटीला एक, एका पुरचुंडीला एक गाठ. गर्दीच्या दिवशी खुंट्या संपल्या की एकीवर दोन टांगायचा. मागून आलेली वर, आणि तिला दोन गाठी. संपली पद्धत. वीस वर्षांत घोळ झाला नाही.

मग त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर इंदुताई आली.

बी.कॉम., कासारवाडीची, वय सत्तावीस, बाजारातली पहिली बाई कारकून. रोज एसटीने यायची, आल्या आल्या टेबलावरची धूळ बोटाने दाखवायची. आठव्या दिवशी ती वानगीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“गेनबा, ही काय पद्धत झाली? उद्या तुम्ही आजारी पडलात तर या गाठोड्यांचं मी काय करू?”

“म्या आजारी पडत न्हाई, बाई.”

“आणि मेलात तर?”

“मग बाजाराला सुट्टी. तुमाला बी.”

बाहेर हमाल खो-खो हसले. इंदुताईला दुसरं काहीही चालायचं, हसलेलं चालायचं नाही.

“चिठ्ठ्या बांधा. नंबर घालून. मी लिहून देते.”

“चिट्टीला उंदीर लागतोय. गाठीला न्हाई लागत.”

“उंदराला मांजर आणा!”

हे चार महिने चाललं. सचिव दत्तोबा दोघांनाही मान डोलवायचा. शेवटी मार्चच्या एका सोमवारी इंदुताईने ठरवलं की विचारत बसण्यात अर्थ नाही, करूनच दाखवावं.

*

त्या सोमवारी आवक मोठी होती. कुशाबाई सकाळीच आली. शेजारच्या वाडीची, नवरा दोन वर्षं अंथरुणाला, गाडी स्वतः हाकत आलेली. गेनबा पोत्यात हात घालणार तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं.

“गेनबाभाऊ, आदीच सांगते. जवारी काढायला आली आन वरनं पाऊस झाला. डाग पडलाय. वानगीत डाग येऊ द्या, निवडून पांढरं घिऊ नगा.”

“आसं सांगनारी तू पयलीच गं.”

“मग लिवून ठिवा, कुशाबाईनं आदी सांगितलं हुतं म्हणून.”

“लिवता येतंय कुनाला?”

दोघंही हसली. त्याने तिची वानगी घेतली, करड्या ठिपक्यांची ज्वारी, एक गाठ मारली आणि शेवटच्या रिकाम्या खुंटीवर टांगली. ती एकविसावी. तिच्यामागून एका बागायतदाराची गाडी आली. त्याची ज्वारी मोत्यासारखी. खुंटी उरली नव्हती. गेनबाने त्याची पुरचुंडी कुशाबाईच्या वर टांगली आणि दोन गाठी मारल्या. मग त्याला भूक लागली. वानगीच्या खोलीची किल्ली त्याने दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, असा नियम होता. “धरा, भाकरी खाऊन येतो,” म्हणून त्याने ती इंदुताईच्या टेबलावर ठेवली.

वीस मिनिटं. तेवढ्यात इंदुताईने फाटकाच्या वहीतले नंबर घालून सगळ्या पुरचुंड्यांना चिठ्ठ्या बांधल्या, सुंदर अक्षरात. शेवटच्या खुंटीवर दोन दिसल्या. वरचीला एकवीस, खालचीला बावीस. वरचीला दोन गाठी होत्या; चिठ्ठीचा दोरा नीट बसेना, म्हणून तिने जादाची गाठ सोडली. तिला तो गबाळेपणा वाटला.

गेनबा हात पुसत आला तेव्हा लिलावाची घंटा झाली होती. सगळ्या खुंट्यांवर पांढऱ्या चिठ्ठ्या हलत होत्या. डोळ्यात काहीतरी खुपलं, पण हमालांनी पुरचुंड्या उचलल्यासुद्धा होत्या.

एकवीस नंबरला त्या दिवसातला सगळ्यांत चढा भाव लागला. कुशाबाई खाली गर्दीत उभी. तिथून ताटातला दाणा दिसत नाही. तिने आश्चर्याने गेनबाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.

वजनाच्या वेळी खरेदीदाराने तिचं पोतं उघडलं आणि ओरडायला लागला. दहा मिनिटांत सगळा बाजार ओट्यापाशी. दत्तोबाने पुरचुंडी वर धरली.

“ही वानगी कोणाची?”

इंदुताईने चिठ्ठी वाचली, वहीत नाव बघितलं. आवाज स्वच्छ, कुठे अडखळला नाही. “एकवीस. कुशाबाई.”

“भाऊ, सांगा की,” कुशाबाई गेनबाला म्हणाली. “म्या डाग दावला हुता का न्हाई?”

दत्तोबाने पुरचुंडी गेनबाच्या हातात दिली. फडक्याला एकच गाठ होती, पण कापडावर दुसऱ्या गाठीच्या चुण्या तशाच होत्या. त्याला सगळं एकदम कळलं. हेही कळलं, की तो बोलला की पुढचा प्रश्न येणार: किल्ली कुणाकडे होती? त्याचा परवाना जाणार, त्या कारकून बाईची चार महिन्यांची नोकरी जाणार. वीस वर्षांची गाठींची पद्धत तर आधीच गेली होती.

“चिट्टीवर आसंल तेच,” गेनबा म्हणाला.

घंटा तीनदा वाजली. कुशाबाईने वाद घातला नाही. तिने पोती परत गाडीत चढवून मागितली. हमाल हलेनात, म्हणून चाळणीवरची शालनबाई आणि आणखी दोघी उठल्या आणि चौघींनी मिळून ती चढवली.

संध्याकाळी एसटीची वाट बघताना गेनबाने इंदुताईला सांगितलं. ती आधी पाच मिनिटं भांडली. मग तिने बोटांनी हवेत वर-खाली करून बघितलं, वरची कुठली, खालची कुठली. एसटी आली, तिने सोडली. दोघं दत्तोबाकडे गेली.

दत्तोबा वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “बाई, आज एक वानगी चुकली म्हणून ओट्यावरून सांगायचं, आणि उद्या दोनशे जण विचारणार, आमची कशावरून बरोबर? त्यांना काय सांगू? हंगाम जाऊ दे. मग बघू.”

बागायतदाराची मोत्यासारखी ज्वारी डागीच्या भावात गेली होती. तो पोती अडत्यावर सोपवून घरी गेला होता. पुढे भाव ऐकून अडत्यावर डाफरला आणि विसरला. ज्याने ती घेतली तो चकार शब्द बोलला नाही. चांगला माल स्वस्तात पडला अशी तक्रार घेऊन कोणी ओट्यावर येत नसतं.

हंगाम गेला. पुढचाही गेला. दत्तोबाने ‘मग बघू’ म्हणायचंही सोडलं, निवृत्त झाला, वारला. गेनबाने एक केलं. बावीस नंबरची चिठ्ठी लागलेली ती डागी ज्वारीची पुरचुंडी त्याने खुंटीवरून काढली, कडुलिंबाच्या पाल्यात घालून घरी पत्र्याच्या डब्यात ठेवली. इंदुताई दर महिन्याला विचारायची, “आहे ना?” तो म्हणायचा, “हाय.” यापलीकडे दोघांत त्यावर बोलणं नव्हतं. चिठ्ठ्या मात्र सुरू राहिल्या. इंदुताईची पद्धत चांगलीच होती. सगळ्यांनी तेच सांगितलं.

*

कुशाबाई परत बाजारात आली नाही. नव्वद सालानंतर तिचं रान कंपनीत गेलं. गेनबाचंही गेलं. सगळ्यांचंच जात होतं. ज्या रानातून ज्वारीच्या गाड्या यायच्या तिथून आता लोखंडी सांगाडे घेऊन ट्रेलर निघायचे. बाजारात मालापेक्षा व्यापारी जास्त झाले. हमालांची पोरं शिफ्टला जायला लागली; गेनबाचा गोरक्ष पहिल्याच बॅचला लागला. बाप डबा घेऊन बाजारात बसलेला आणि लेक ओव्हरटाइमला.

“आबा, तुम्ही दिवसभर बसून करता काय?” गोरक्ष विचारायचा.

“वानगी सांबाळतो.”

“कशाची? माल कुठाय?”

गेनबा टोपी घालायचा आणि निघायचा. तो तरी जात राहिला. इंदुताई चौदा साली निवृत्त झाली. शेवटचा लिलाव अठरा साली झाला, अकरा पोती बाजरी. घंटा वाजवली ती गेनबानेच, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. बोली लावायला तीन माणसं होती, त्यांतला एक चहावाला.

कुशाबाई त्याला मधे एकदा भेटली. सालं मोजली तर पुकाऱ्याला पंचवीस झाली होती. थेरगावला पुतणीचं बाळ बघायला गेला होता. परतताना डांगे चौकाजवळ भाकरीचं दुकान दिसलं; दोन चुली, बाहेर बाकडी, कंपनीतली पोरं ताटं घेऊन बसलेली. तो बसला. आत एक म्हातारी ज्वारी घालणाऱ्या टेम्पोवाल्याशी बोलत होती.

“वरलं नगं दावू मला. तळातलं काड.”

“आजी, सगळं एकच आहे. वर काय, खाली काय!”

“एकच आसतं तर मंग तळातलं दावायला तुजं काय जातंय?”

टेम्पोवाल्याने कुरकुरत पोतं उलटं केलं. म्हातारीने कोपरापर्यंत हात घातला. त्या हातावरून गेनबाने ओळखलं. त्याच हाताने त्याचं मनगट धरलं होतं.

ती भाकरी घेऊन आली आणि समोर थांबली. तिनेही ओळखलं होतं.

“महाळुंग्याचं ना तुमी? वानगीवालं.”

“व्हय.”

गेनबा पुढे काहीतरी बोलणार होता. शब्द तोंडाशी आले होते; पंचवीस वर्षं तो ते मनात घोळवत होता. ती उभी राहिली, जितकं थांबायचं तितकं थांबली.

“खावा,” ती म्हणाली. “गरम हाय तवर.”

त्याने खाल्ली. दुसरी मागितली नाही. हात धुऊन तो निघाला तेव्हा ती पाठमोरी होती, चुलीपाशी.

*

या वर्षी फेब्रुवारीत कळलं की ओटा पाडणार. बाजाराच्या शेडमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम आधीच आलं होतं, आता कंटेनर वळवायला जागा हवी होती. इंदुताईने आधीच लिहून दिलेला इतिहास छापायला घेतला तो बाजाराच्या निरोप समारंभासाठी.

गेनबा ऐंशी पार. गुडघे गेलेले, ऐकू चांगलं येतं. त्याने पुनमला इंदुताईला फोन लावायला सांगितलं. पुनम त्याची नात, कंपनीत इन्स्पेक्शनला.

“बाई, ओटा पाडत्यात.”

“ऐकलं मी.”

“पुकारा उतरवायचा ऱ्हायलाय.”

 इंदुताई म्हणाली, “गेनबा, व्यापारी कुठे आहेत आता दाणा चावायला?”

“तुमी हाय. मी हाय. दात न्हाईत, पर गिळीन. तुमी तिला घिऊन या. थेरगावला डांगे चौकात तिचं भाकरीचं दुकान हाय, तुमाला जवळ. म्या गेलो तर त्या बाकड्यावर परत भाकरीच खाऊन यीन.”

“ती येईल?”

“इचारल्याबिगर कसं कळनार?”

“मी विचारीन. गुरुवारी.”

गुरुवार, कारण औद्योगिक वसाहतीची सुट्टी. पुनमला स्कूटी घेऊन येता येणार होतं.

पहिल्या गुरुवारी इंदुताईचा रक्तदाब वाढला. दुसऱ्या गुरुवारी गॅसवाला यायचा होता. हे तिने फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिलाच ते ऐकवेना. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली, “आज नक्की. अकराला ओट्यावर या.”

गेनबा दहालाच आला. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पत्र्याचा डबा. पुनमने त्याला धरून ओट्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. घंटा काढून नेलेली होती. तिची साखळी तेवढी तुळईला लोंबत होती. म्हणून त्याने घरून पितळी तांब्या आणला होता आणि एक उलथनं. 

गोदामाचा गार्ड नवनाथ, लातूरकडचा, पंचेचाळिशीचा, शिट्टी गळ्यात.

“मामा, इथं बसू नका बरं. साहेब वरडतेत.”

“साहेब कवा आलं?”

“सहा महिने झाले की.”

“मंग बसू दे. म्या बासष्टला आलोय.”

नवनाथ हसला आणि खुर्ची आणून दिली. गेनबा पायरीवरच बसला. डबा उघडून त्याने पुरचुंडी काढली. फडकं पिवळं पडून पापुद्र्यासारखं झालेलं. त्याने ती सोडली नाही, बोटांनी चाचपून बघितली. आत दाणे होते का भुगा, ते कळत नव्हतं. किडा लागून गेला असेल तर ताटात काय ओतायचं, हा विचार त्याच्या मनात आला. आला तसा त्याने बाजूला ठेवला.

अकरा झाले. साडेअकरा. पुनम मोबाइल बघत होती. बाराला रिक्षा आली. इंदुताई उतरली. रिक्षावाल्याला थांब म्हणाली. रिक्षात दुसरं कोणी नव्हतं.

गेनबाने उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“न्हाई आली?”

“विचारलंच नाही,” इंदुताई म्हणाली. “डांगे चौकापर्यंत गेले. समोर दुकान. ती बाहेर बाजेवर बसली होती, सूप घेऊन. मी या बाजूला उभी. रस्ता ओलांडला नाही.”

“गाड्या लई आसतील.”

“सिग्नल तीनदा सुटला, गेनबा.”

तो मान हलवत राहिला. नवनाथ लांबून बघत होता.

“काय भ्या वाटलं?”

“तिला सांगायचं की ती चिठ्ठी माझ्या हातची. आणि ती म्हणाली, मला माहीत होतं, तर? चाळीस वर्षं माहीत होतं आणि वाट बघत होते, तर?” इंदुताईने पदराने मान पुसली. “कॉलेजात मी वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. हसा.”

गेनबा हसला नाही. त्याने पुरचुंडी उचलली आणि तिच्या हातात दिली. दिली म्हणजे ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली.

“मंग ही तरी न्या. बोलू नगा काय. नुसती तिच्या म्होरं ठिवा. फडकं बगितलं की तिला उमगंल. तिनंच दिल्यालं हाय, तिच्या लुगड्याचं. त्या दिशी माज्याकडलं सपलं हुतं.”

हे इंदुताईला ठाऊक नव्हतं. तिने फडक्याकडे बघितलं. कुठे कुठे अजून हिरवी काठाची रेघ होती.

“नेते,” ती म्हणाली. “पुढच्या गुरुवारी.”

ओटा सोमवारी पाडला. गेनबाने जेसीबीचा आवाज घरातून ऐकला. चहा थोडा लवकर मागितला, एवढंच. गुरुवारी पुनमच्या फोनवरून त्याने विचारलं, “बाई, गेलता का?” इंदुताई म्हणाली, “नाही.” त्याच्या पुढच्या गुरुवारी विचारलं. त्याच्याही पुढच्या. चार वेळा तिने चार कारणं दिली आणि पाचव्यांदा नुसतं नाही म्हणाली.

गेल्या दोन गुरुवारी फोन आला नाही. कासारवाडीहून थेरगाव रिक्षाने पंचवीस मिनिटं लागतात. कुशाबाईचं दुकान दहाला उघडतं. पुरचुंडी इंदुताईच्या कपाटात आहे, मधल्या फळीवर, नियमावलीच्या शेजारी, आणि चाळीस वर्षांपूर्वीची तिच्या हातची चिठ्ठी अजून तिला बांधलेली आहे. तीवर बावीस लिहिलंय.